मिठातील पोकळी आणि काळाचा हिशेब

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

खनिज मिठात वायू साठवण्याच्या पोकळीविषयीचा तुझा मसुदा वाचला. गणित नेटके आहे, पण सारे विवेचन पोकळी टिकेल की ढासळेल, या एकाच प्रश्नापाशी थांबते. सह्याद्रीच्या बेसाल्टमधील बोगद्यांवर शिकलेल्यांना हा प्रश्न सवयीचा असतो, आणि विशाखापट्टणम किंवा पादूर येथील तेलसाठे कठीण खडकात असल्यामुळे तेथे तो रास्तही आहे. मीठ मात्र चहूबाजूंच्या दाबात फरक असेल तोवर सरकतच राहते. म्हणून पोकळी कोणत्या दाबाला किती वेगाने आक्रसते, हे आधी विचारावे.

1000 मीटर खोलीवर वरच्या खडकांचा दाब सुमारे 22 मेगापास्कल असतो, तर पोकळीपासून जमिनीपर्यंत संपृक्त खारे पाणी भरलेले असल्यास त्याचा दाब जेमतेम 12. उरलेल्या 10 मेगापास्कलांमुळे पोकळी संथपणे मिटत राहते. वायू उपसताना आतला दाब याहूनही खाली जातो, आणि सरकण्याचा वेग दाबातील फरकाच्या साधारण तिसऱ्या ते पाचव्या घाताने वाढतो. घातांक 5 धरला, तर फरक दुप्पट होताच वेग 32 पट होतो. त्यातच खोलीबरोबर तापमान वाढते आणि उष्ण मीठ अधिक सहज वाहते. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात एमिनन्स येथील मिठाच्या घुमटात 1970 च्या सुमारास, 1700 मीटरांहून अधिक खोलीवर तयार केलेल्या पहिल्या पोकळीने सुमारे दोन वर्षांत जवळजवळ 40 टक्के घनफळ गमावले. छत कोसळले नव्हते. मीठ आत सरकले आणि तळ वर आला.

याच गुणाचा उपयोगही होतो. न्यू मेक्सिकोत सुमारे 655 मीटर खोलीवरील मिठाच्या थरात 1999 पासून किरणोत्सारी कचरा ठेवला जातो, तो मीठ त्याला हळूहळू कवटाळेल या भरवशावरच.

तुझ्या मसुद्यातील माझी मुख्य हरकत प्रयोगशाळेतील आकड्यांविषयी आहे. तू वापरलेल्या चाचण्या दाबातील फरक 5 ते 20 मेगापास्कल ठेवून केलेल्या आहेत, आणि त्यांचीच रेषा तू त्याहून कमी फरकापर्यंत खाली ओढून नेली आहेस. पोकळीपासून दूरच्या, आकारमानाने फार मोठ्या भागात मात्र हा फरक एक-दोन मेगापास्कल किंवा त्याहून कमी असतो. ऑस्ट्रियातील आल्टाउसे खाणीच्या स्थिर हवामानात केलेल्या अत्यल्प भाराच्या चाचण्यांत मीठ अशा रेषेच्या अंदाजापेक्षा कितीतरी पट वेगाने सरकताना आढळले. कणांच्या सीमांवरील सूक्ष्म ओलाव्यात मीठ विरघळून दुसरीकडे पुन्हा जमते. ही क्रिया कमी भाराला वरचढ ठरते आणि तिचा वेग भाराच्या पहिल्याच घाताने बदलतो. जमीन किती खचेल, याचे तुझे उत्तर त्यामुळे फारच आशावादी झाले आहे.

पुढच्या मसुद्यात दोन्ही नियम एकत्र घे. किमान दाबाच्या आकड्याबरोबर पोकळी त्या दाबाला सलग किती दिवस राहील, तेही लिही. वायू झपाट्याने उपसल्यास तो थंड होऊन भिंतीत ताण निर्माण होतो. त्याचे गणित वेगळे कर आणि मग आलेख पाठव.

तुझा हितचिंतक