‘माहिती विपुल आहे’ असं उत्तर येऊ नये म्हणून

प्रिय मित्रा,

तुझा माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा वाचला. बेळगावजवळच्या खानापूर डेपोच्या 2022 पासूनच्या सगळ्या गाड्या, सगळ्या फेऱ्या, रद्द फेऱ्या आणि त्यांची कारणं, ड्रायव्हर-कंडक्टरांची नावं, डिझेल, उत्पन्न, सगळं एकाच अर्जात आलं आहे. तुझा राग रास्त आहे. सकाळची गाडी आली नाही की जांबोटी-कणकुंबीकडच्या पोरांचा पहिला तास बुडतो, परीक्षा असली तर पेपरच. पण हा अर्ज असाच गेला तर उत्तर ठरलेलं आहे: ‘मागितलेली माहिती विपुल असून ती संकलित केल्यास कार्यालयीन कामकाज विस्कळीत होईल, सबब कलम 7(9) अन्वये देता येत नाही.’

हिशेब करून बघ. समजा डेपोची 60 शेड्यूलं आहेत (शेड्यूल म्हणजे एका गाडीच्या दिवसभराच्या ठरलेल्या फेऱ्या) आणि प्रत्येकाची रोज एक लॉगशीट, म्हणजे गाडीच्या त्या दिवसाच्या प्रत्यक्ष फेऱ्यांच्या नोंदीचं पान. वर्षाला 21,900 पानं झाली. कर्नाटकात पानाला 2 रुपये, म्हणजे 43,800 रुपये. ते तू भरणार नाहीस आणि डेपोतला एक कारकून ती काढणारही नाही. त्याउलट एकाच शेड्यूलच्या एका महिन्याच्या 30 लॉगशीटला 60 रुपये पडतात. तीस पानं ‘विपुल’ आहेत असं कुणाला लिहिता येत नाही.

तेव्हा आधी ठरव, सिद्ध काय करायचं आहे. सकाळची अमुक गाडी एका महिन्यात किती दिवस सुटलीच नाही, एवढंच ना? मग दोन कागद पुरतात. एक, त्या शेड्यूलचा मंजूर वेळतक्ता, ज्याला डेपोत ‘फॉर्म फोर’ म्हणतात. गाडी कधी सुटणार, कुठे किती वेळ थांबणार, दिवसभरात किती फेऱ्या, किती किलोमीटर, हे त्यात असतं. दुसरा, त्याच शेड्यूलची रोजची लॉगशीट किंवा रद्द फेऱ्यांची नोंदवही. दोन्ही शेजारी ठेवले की न सुटलेली फेरी आपोआप दिसते. डिझेल आणि उत्पन्न काढून टाक, तुझ्या मुद्द्याला त्यांचा काही उपयोग नाही. ड्रायव्हर-कंडक्टरांची नावंही काढ. ती ठेवलीस तर कलम 8(1)(ञ) खाली वैयक्तिक माहिती म्हणून नकार द्यायला कार्यालयाला आयतं कारण मिळतं, आणि 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने ते कलम आणखी कडक केलं आहे. ‘नावं झाकून प्रती द्याव्यात, कलम 10’ एवढं एक वाक्य घाल.

गावाच्या नावापेक्षा शेड्यूल नंबर महत्त्वाचा. एकाच वाटेवर चार गाड्या असतात आणि गावाचं नाव कागदावर कधी एका तऱ्हेने, कधी दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेलं असतं. नंबर डेपोच्या चौकशी खिडकीवर विचारून घे. ती दहा मिनिटं वाचवलीस तर पुढचे तीस दिवस वाया जातात.

मजकूर असा असू दे: ‘शेड्यूल क्रमांक अमुक, कालावधी 1 ते 31 जुलै. 1) मंजूर फॉर्म फोरची प्रत. 2) या कालावधीतील लॉगशीटच्या प्रती. 3) याच शेड्यूलच्या रद्द फेऱ्यांची नोंद असल्यास त्या पानांच्या प्रती. प्रती काढणे शक्य नसल्यास कलम 2(ञ) अन्वये मूळ अभिलेखांची पाहणी करू द्यावी व टिपणे घेऊ द्यावीत.’ शेवटचं वाक्य विसरू नकोस, पुढे सगळं त्याच्यावर उभं राहतं. ‘गाडी का सोडली नाही?’ असा प्रश्नही लिहू नकोस. कायद्याने मिळतं ते कार्यालयाकडे असलेलं कागदपत्र. नसलेलं स्पष्टीकरण तयार करून द्यायला कुणी बांधील नाही. कारण हवं असेल तर ‘कारणाच्या रकान्यासह नोंद’ माग.

कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांच्या आत हवा. विषय दोन झाले तर पहिल्यालाच उत्तर देऊन बाकीचे वेगळे मागा म्हणून सांगता येतं. शुल्क 10 रुपये. खाजगी वडापच्या (सीटवर प्रवासी नेणाऱ्या जीपच्या) परमिटचा मुद्दा यात घालू नकोस, ते आरटीओचं काम. बेळगाव केए-22, चिक्कोडी केए-23, ही कार्यालयंच वेगळी. बसफेऱ्या वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाच्या. त्यातही खानापूर बेळगाव विभागात आणि निपाणी-संकेश्वर चिक्कोडी विभागात येतं. अर्ज त्या त्या विभागीय कार्यालयातल्या माहिती अधिकाऱ्याच्या नावाने दे. चुकीच्या ठिकाणी गेलाच तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी कलम 6(3) प्रमाणे त्यांची असते, पण दिवस तुझे जातात.

भाषेबद्दल स्पष्ट सांगतो, कारण सीमाभागात इथेच अर्ज अडकतात. कलम 6(1) मध्ये इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा म्हटलं आहे. इथे ती कन्नड. मराठी अर्ज परत आला तर अपिलात तो मुद्दा टिकवणं अवघड जातं. मराठीचा लढा आपल्याला जिव्हाळ्याचा आहे, पण तो या अर्जात लढू नकोस, नाहीतर पोरांची बस बाजूला राहील. कन्नडमध्ये लिही, शाळेत शिकलेली कन्नड याला पुरते. घरातल्या ज्यांना लिहिता येत नाही, त्यांची तोंडी विनंती लिहून घ्यायला मदत करणं हे अधिकाऱ्याचं कामच आहे. बेळगाव-चंदगडसारख्या आंतरराज्य मार्गावर मात्र दुसरी वाट आहे. महाराष्ट्र एसटीकडे अर्ज मराठीतच कर. चंदगड डेपो कोल्हापूर विभागात येतो. तिथेही 150 शब्द आणि 10 रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. त्यांच्या गाड्यांच्या नोंदी आणि दोन राज्यांमधल्या कराराची प्रत तिकडून मागता येते.

इतकं करूनही 7(9) चं उत्तर आलं तर ते कलम शांतपणे वाच. त्यात म्हटलं आहे की माहिती मागितलेल्या स्वरूपातच द्यावी. साधनसामग्रीवर प्रमाणाबाहेर ताण पडत असेल किंवा अभिलेखाला धोका असेल तरच नाही. म्हणजे प्रश्न स्वरूपाचा आहे. झेरॉक्स नाही तर पाहणी, पाहणी नाही तर संगणकातली प्रत. माहितीच नाकारायची कारणं कलम 8 आणि 9 मध्ये आहेत, 7(9) त्यांत बसत नाही. केरळ उच्च न्यायालयाने 2010 मध्ये ट्रीसा आयरिश प्रकरणात हेच सांगितलं.

नकारात आणखी एक उतारा हमखास येतो: सर्वोच्च न्यायालय, ऑगस्ट 2011, आदित्य बंदोपाध्याय प्रकरण. 75 टक्के कर्मचाऱ्यांनी 75 टक्के वेळ माहिती गोळा करण्यात घालवावा हे देशाला नको आहे, असं न्यायालयाने म्हटलं, हे खरंच. पण ते सरसकट आणि अव्यवहार्य मागण्यांबद्दल होतं, आणि त्याच निकालात विद्यार्थ्याला त्याची तपासलेली उत्तरपत्रिका पाहायचा हक्क मिळाला. तीस लॉगशीट ही सरसकट मागणी होत नाही. म्हणूनच अर्ज लहान ठेव असं सांगतो आहे; हा उतारा तेव्हाच बोथट होतो.

पहिलं अपील नकार मिळाल्यापासून 30 दिवसांत. उत्तरच आलं नाही तर उत्तर द्यायचे 30 दिवस संपल्यावर पुढच्या 30 दिवसांत. अपिलात रागाची भाषा नको, चार वाक्यं पुरेत: किती पानं, किती कर्मचारी, किती तास लागतील हे नकारात नाही, पर्यायी पाहणी मागितली होती, तिच्याबद्दल एक शब्द नाही, नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी कलम 19(5) प्रमाणे अधिकाऱ्याची, मुदत उलटल्याने आता माहिती कलम 7(6) प्रमाणे विनाशुल्क मिळावी. शेवटचं वाक्य मुदत खरंच उलटली असेल तरच.

पाहणी मिळाली तर तारीख-वेळ लेखी घे आणि सोबत एकजण ने: एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. वहीत तारीख, नियोजित वेळ, प्रत्यक्ष वेळ, शेरा असे चार रकाने आधीच आखून ने. हव्या पानांचे क्रमांक तिथेच लिहून दे आणि तेवढ्याच प्रतींचे पैसे भर. निघताना कोणते अभिलेख दाखवले आणि कोणते दाखवले नाहीत याच्या टिपणावर सही घे. न दाखवलेल्यांचा उल्लेख राहिला तर ‘सगळं दाखवलं’ असंच नोंदलं जातं.

आणि उशीर करू नकोस. लॉगशीट आणि वे-बिलं (कंडक्टरच्या तिकीट-हिशेबाचे कागद) ठराविक काळ ठेवून नष्ट केली जातात, सीसीटीव्हीचं चित्रण तर त्याहून लवकर पुसलं जातं. दुसरं अपील माहिती आयोगाकडे 90 दिवसांत; आयोगाचं बेळगावला पीठ आहे, दर वेळी बेंगळुरूला धावायची गरज नाही. अर्जाची पोच, पोस्टल ऑर्डरचा नंबर आणि उत्तराचा पाकीट-शिक्का एका फायलीत ठेव. जुलैचा अर्ज नीट गेला की ऑगस्टचा त्याच नमुन्यावर दुसऱ्या शेड्यूलसाठी कर. दहा गावांचे दहा अर्ज एकाच दिवशी टाकू नकोस.

तुझा हितचिंतक