मध्यरात्री जागे राहणारे बाळ
ताई, दीड वर्षाचे बाळ मध्यरात्री उठून दोन-दोन तास जागे राहते तेव्हा आईची काय अवस्था होते, हे मी खानापुरात माझ्या धाकट्याबरोबर अख्खा पावसाळा अनुभवले आहे, म्हणून मनापासून सांगते. प्रथम दिवसाची झोप मोजा. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत, दुपारची धरून, ११ ते १४ तास झोप लागते. त्यातली तीन तास दुपारीच झाली आणि बाळाला संध्याकाळी सातलाच निजवले, तर रात्री मध्येच ते ताजेतवाने होऊन उठते. पावसाच्या झडीत आमचा धाकटा दुपारी झोपला की संध्याकाळी पाच वाजेपर्यंत झोपत असे. त्याला साडेतीनला उठवू लागल्यावर आणि सकाळी रोज एकाच वेळी जागे केल्यावर साधारण दोन आठवड्यांत फरक पडला.

आपल्याकडे संध्याकाळी लेकराला चहात बुडवून बिस्किट देतात. सासूबाईंना न दुखावता ते बंद करा, कारण चहातील कॅफीन झोप उडवते आणि चहामुळे अन्नातील लोहही कमी शोषले जाते. लोह कमी असलेली मुले रात्री अस्वस्थ झोपू शकतात, तेव्हा हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्यावे. बाळ नेहमी घोरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवण्यास उशीर करू नका.

रात्री ते उठले की मोठा दिवा किंवा मोबाइल लावू नका. पाठीवर हात ठेवून हलक्या आवाजात एकच वाक्य बोला. एक रात्र आड बाळाच्या वडिलांनी उठावे, हे मात्र आजच ठरवून टाका.