नाटकाचे तिकीट पाचशेचे, हप्ता दोन लाखांचा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून एका वाचकांचे पत्र आले आहे. ते ६१ वर्षांचे असून एका साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातून गेल्या वर्षी निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी पुण्यात मुलीकडे गेले असताना त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने एक प्रायोगिक संगीत नाटक पाहिले. ऐंशी-नव्वद प्रेक्षक तीन बाजूंनी सतरंजीवर बसलेले, ऑर्गन-तबल्याच्या जागी जाते, मुसळ आणि पत्र्याचे डबे, मध्यंतर नाही, माइकही नाही. तेच नाटक आता व्यावसायिक रंगभूमीवर येत आहे. ते लिहितात: "मुंबईच्या पहिल्या प्रयोगांना पुढच्या रांगांचे तिकीट हजार रुपये असेल असे ऐकतो. आम्ही दोघांनी महालक्ष्मी एक्सप्रेसने जाऊन ते पाहावे, की कोल्हापुरात प्रयोग लागेपर्यंत थांबावे? आमच्या भिशीतील एक परिचित इथल्या प्रयोगाच्या पुढच्या जागांसाठी माणशी हजार रुपये आगाऊ गोळा करत आहेत, ते द्यावेत का? खर्चाची अडचण नाही. निवृत्तीच्या पैशांतून बँकेत दोन लाखांची एक योजना घेतली आहे, तिचे दर वर्षी वीस हजार येतील, म्हणजे दहा टक्के पडतात. ते आम्ही नाटकांसाठीच राखून ठेवले आहेत. माहितीसाठी तिच्या कागदांच्या पहिल्या पानांचे फोटो जोडले आहेत."

तिकिटाच्या प्रश्नाचे उत्तर शेवटी देतो, कारण त्याची घाई नाही. घाई आहे ती माहितीसाठी म्हणून जोडलेल्या त्या फोटोंची. ते आपण जोडले नसते, तर मीही आपल्याला नाटकाला जा किंवा थांबा एवढे सांगून मोकळा झालो असतो.

आपण जिला बँकेतील योजना म्हणता, ती आयुर्विमा पॉलिसी आहे. बँकेने ती केवळ विकली आहे. पैसे विमा कंपनीकडे गेले आहेत. फोटोतील तक्त्याच्या चौथ्या ओळीत 'हप्ता भरण्याचा कालावधी: १० वर्षे' आणि पाचव्या ओळीत 'पॉलिसीची मुदत: २० वर्षे' असे छापले आहे. आपण दोन लाख एकदाच भरून सुटलात अशी आपली समजूत आहे, पण छापील कागद आपल्याकडून आणखी नऊ वेळा दोन लाख मागणार आहे. चाळीस वर्षे दुसऱ्यांची खाती तपासलेल्या माणसाने स्वतःच्या कागदाची चौथी ओळ वाचली नाही, याचे मला नवल वाटत नाही. ओळखीच्या शाखेत, चहा मागवून, 'साहेब, एफडीसारखेच आहे, उलट जास्त मिळते' असे सांगितले गेले की चष्मा खिशातच राहतो. दुसऱ्या फोटोत तर आपला व्यवसाय 'शेती' आणि वार्षिक उत्पन्न आठ लाख लिहिलेले आहे. अक्षर आपल्या पत्रातील अक्षराशी जुळत नाही. खालची सही मात्र जुळते. निवृत्त माणसाच्या खऱ्या उत्पन्नावर वर्षाला दोन लाखांचा हप्ता मंजूर होणे अवघड, म्हणून विकणाऱ्याने आपल्याला कागदावर बागायतदार करून टाकले.

आता त्या दहा टक्क्यांकडे वळू. पहिल्या वर्षी दोन लाखांवर वीस हजार हे दहा टक्के दिसतात. दुसऱ्या वर्षी भरलेली रक्कम चार लाख होते आणि वीस हजार तेवढेच राहतात, म्हणजे पाच टक्के. दहाव्या वर्षी वीस लाखांवर वीस हजार, म्हणजे एक टक्का. शिवाय हे वीस हजार आपल्याच दोन लाखांतून कापून आपल्यालाच परत दिल्यासारखे आहेत. वीस वर्षांनंतर, म्हणजे आपल्या वयाच्या ८१ व्या वर्षी, ३२ लाख मिळतील असे तक्ता सांगतो. मधले चार लाख धरून एकूण ३६ लाख. भरलेले २० लाख. ही जवळजवळ दुप्पट ऐकायला बरी वाटते, पण कोणती रक्कम केव्हा गेली आणि केव्हा आली हे मांडून हिशेब केला, तर वार्षिक परतावा चार-सव्वाचार टक्क्यांच्या पुढे जात नाही. विम्याचे संरक्षण मिळते हे खरे आहे, परंतु साठीनंतर ते महाग पडते, आणि आपल्या पत्नीला आज खरी गरज आहे ती दरमहा घरात येणाऱ्या पैशांची.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. आपण दिलेल्या आकड्यांप्रमाणे घरखर्च महिना २४,००० रुपये आहे. भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतील निवृत्तिवेतन ३,८०० आणि वरच्या खोलीचे भाडे ६,०००, असे ९,८०० येतात. उरलेल्या १४,२०० रुपयांसाठी, म्हणजे वर्षाच्या एक लाख सत्तर हजारांसाठी, आपण पतसंस्थेतील वीस लाखांच्या ठेवीवर अवलंबून आहात. तिचे साडेनऊ टक्क्यांनी एक लाख नव्वद हजार व्याज येते. इथपर्यंत गाडे कसेबसे चालते. आता त्यातून दर वर्षी दोन लाखांचा हप्ता काढा. दुसऱ्या वर्षापासून मुद्दल खाली येऊ लागते, त्यामुळे व्याज घटते, त्यामुळे मुद्दल आणखी वेगाने घटते. मी वर्षावर वर्ष मांडून पाहिले. पॉलिसीचे वीस हजार धरूनही नववा हप्ता भरल्यावर आपल्याकडे जेमतेम दोन लाख उरतात आणि दहावा हप्ता भरायला पैसे नसतात. यात महागाई शून्य धरली आहे, आजारपण धरलेले नाही. महागाई सहा टक्के धरली तर आठव्या हप्त्यानंतरच खाते रिकामे होते. तेव्हा आपण ६८ वर्षांचे असाल, आणि आयुष्यभराची कमाई अशा कागदात अडकलेली असेल जो ८१ व्या वर्षी उघडणार आहे. मध्येच सोडला तर भरलेल्यातील मोठा वाटा तिथेच जाईल. वीस हजारांची नाटके पाहण्यासाठी घेतलेली ही सोय आहे!

सुदैवाने पत्रातील एका वाक्याने मार्ग ठेवला आहे: 'बाँड गेल्या मंगळवारी पोस्टाने हातात पडला.' पॉलिसीचा दस्तऐवज, म्हणजेच हा बाँड, मिळाल्यापासून ३० दिवसांत, पसंत नसल्याचे लेखी कळवून, ती परत करता येते. त्या काळातील विम्याचा प्रमाणशीर खर्च, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक शुल्क एवढे वजा करून बाकी रक्कम कंपनीला परत द्यावी लागते. ही मुदत उलटली की हा दरवाजा बंद होतो. हे उत्तर छापून येण्याची वाट पाहणे योग्य नव्हते, म्हणून पत्र मिळाले त्याच संध्याकाळी मी फोन केला. अर्ज विमा कंपनीच्या नावे लिहायला सांगितले, सोबत मूळ बाँड आणि रद्द केलेला धनादेश, अर्जात 'एकरकमी ठेव असल्याचे सांगून विक्री केली; उत्पन्न व व्यवसाय चुकीचा भरला' हे स्पष्ट वाक्य, आणि पोस्टाच्या पाकिटावर बाँड मिळाल्याची तारीख आहे म्हणून ते पाकीट जपून ठेवणे.

आपण दुसऱ्या दिवशी शाखेत गेलात, तेव्हा 'अधिकारी रजेवर आहेत, पुढच्या महिन्यात या' असे उत्तर मिळाले. हे उत्तर मी इतक्यांदा ऐकले आहे की ते प्रशिक्षणातच शिकवत असावेत. पुढच्या महिन्यात ३० दिवस संपलेले असतात. आपण माझ्या सांगण्यावरून तो अर्ज थेट कंपनीच्या कार्यालयात देऊन शिक्का आणि तारखेसह पोच घेतली आणि त्याचीच प्रत ईमेलनेही पाठवली, हे उत्तम केले. आता शाखेतून फोन येतील. 'तीन वर्षे भरा, मग बंद करा' असेही सुचवले जाईल. ऐकू नये. विमा कंपनीकडून आलेल्या पडताळणीच्या फोनवर आपण सगळ्याला 'हो' म्हटल्याचेही बोलून दाखवतील. 'प्रत्येक प्रश्नाला हो म्हणा' हे आपल्याला समोर बसून कोणी सांगितले, ते तक्रारीत लिहावे. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' या व्यवस्थेत तक्रार नोंदवता येते आणि त्यानंतर पुण्याचे विमा लोकपाल कार्यालय आहे. तिथे वकील लागत नाही.

दुसरी गोष्टही न विचारता सांगतो. वीस लाखांची सगळी ठेव एकाच पतसंस्थेत आहे, कारण अध्यक्ष आपल्याच तालमीचे आहेत. अध्यक्षांविषयी माझी काही तक्रार नाही. मात्र बँकेतील ठेवींना माणशी, प्रत्येक बँकेसाठी, पाच लाखांपर्यंत जे विमा संरक्षण असते, ते पतसंस्थेच्या ठेवींना नसते, आणि बँकेपेक्षा मिळणारे अधिक व्याज हा त्या जोखमीचाच मोबदला आहे. ठेवींच्या मुदती जशा पुऱ्या होतील तशा त्या काढून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. आपण साठी ओलांडली असल्याने पोस्टात किंवा बँकेत हे खाते उघडता येते. मर्यादा ३० लाखांची आहे आणि २०२३ च्या एप्रिलपासून दर ८.२ टक्के राहिलेला आहे. वीस लाखांवर तिमाहीला ४१,००० रुपये, म्हणजे महिना १३,७०० च्या घरात. त्यात निवृत्तिवेतन आणि भाडे मिळवले की साडेतेवीस हजार होतात. चोवीसला पाचशे कमी पडतात, ते भाजीच्या पिशवीत सापडतील. महागाईने हे गणित चार-पाच वर्षांत तोकडे पडेल, तेव्हा मुद्दलाला हात लावावा लागेल, आणि त्यासाठी मुद्दल शाबूत असावे लागते.

पॉलिसीचे परत येणारे दोन लाख बँकेत साध्या ठेवीत, अडीअडचणीसाठी, ठेवा. सहा टक्के धरले तरी वर्षाला बारा हजार व्याज होते. तिकीट पाचशेचे धरले तर दोघांचे वर्षाला बारा प्रयोग होतात. महिन्याला एक नाटक पाहणारे जोडपे मला कोल्हापुरात फारसे भेटलेले नाही.

आता तिकिटाकडे. व्यावसायिक नाटकांचे वरचे तिकीट बहुधा पाचशेवर का थांबते, याला कराचेही कारण आहे: माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी लागत नाही, त्याच्या वर गेले की पूर्ण रकमेवर १८ टक्के लागतो. हजाराच्या तिकिटावर कर वेगळा लावला तर ते ११८० चे होते, दोघांचे २,३६०. रेल्वे, एक रात्र हॉटेल, टॅक्सी आणि जेवण मिळून दहा हजारांचा आकडा सहज गाठला जाईल. दहा हजारांनी आपण बुडणार नाही, पण वर्षाच्या बारा नाटकांपैकी दहांचे पैसे एका रात्रीत जातील. आणि जातील ते कशासाठी, हेही पाहा. सतरंजीवर हातभर अंतरावरून ऐकलेले जाते आता सातशे-आठशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात माइकमधून ऐकू येणार आहे. नव्या रंगमंचाला साजेल अशी हालचाल, प्रकाश, ध्वनी हे सगळे पहिल्या पंधरा-वीस प्रयोगांत बसते. त्याआधीचा प्रयोग महाग आणि कच्चा असण्याची शक्यता अधिक. पुण्यात जे पाहिले ते पुन्हा मिळेल या आशेवर मुंबईला जाऊ नये. ते त्या छोट्या जागेचे होते.

थांबण्यातही एक गृहीत दडलेले आहे. प्रयोग 'केशवराव'मध्येच लागेल असे आपण धरून चालला आहात. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिलेले ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीत सापडले. आपल्यासारख्याने ती रात्र पाहिलेली असणार. कोल्हापुरात नाटक कोणत्या तारखेला आणि कोणत्या वास्तूत लागेल हे निर्माता ठरवील तेव्हाच खरे. म्हणून सांगलीचे भावे नाट्यमंदिर आणि इचलकरंजीचे घोरपडे नाट्यगृह यांच्या जाहिरातींवरही नजर ठेवा. वीस माणसांचा संच, बस आणि सामानाचा टेम्पो घेऊन निघालेला निर्माता एका प्रयोगासाठी घाट उतरत नाही. कलाकारांच्या नाईटपासून, म्हणजे प्रत्येक प्रयोगाच्या मानधनापासून, भाड्यापर्यंतचा खर्च भागवायला तो तीन-चार गावे एका दौऱ्यात जोडतो. इचलकरंजी तीसेक किलोमीटरवर आहे, सांगली पन्नासेक. जाऊन येऊन दोघांचे दीड हजारांत भागेल.

परिचितांना माणशी हजार रुपये देऊ नका. तारीख नाही, नाट्यगृह नाही, प्लॅन, म्हणजे बुकिंगसाठीचा खुर्च्यांचा तक्ता, लागलेला नाही, आणि प्रयोगाचे कंत्राट कोणाकडे आहे हेही त्यांना सांगता येत नसेल, तर ते विकत आहेत ते तिकीट नव्हे. तिकीट पाचशेचे निघाले तर वरच्या पाचशेंचे काय, हा प्रश्न भिशीच्या पुढच्या बैठकीत सर्वांसमोर विचारा. उत्तरासाठी फार थांबावे लागणार नाही.

आणि बुकिंग उघडेल तेव्हा पहिल्या रांगांचा हट्ट सोडा. माइकवर गायले जाणारे नाटक सातव्या-आठव्या रांगेतून, मधल्या खुर्च्यांवरून, अधिक नीट ऐकू येते, आणि तिथले तिकीट बहुधा शंभराने कमी असते.