पीठ ‘चालतं’ तेव्हा

प्रश्न : पावसाळ्यात कणकेच्या डब्यात कडेला तपकिरी भुकटी जमते, वासही उग्र येतो. सोंडे नाहीत, जाळी नाही. चाळून वापरू का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : नको. लक्षणं माइट्सची आहेत. हे आठ पायांचे, कोळ्याच्या जातकुळीतले जीव, लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. चाळणीतून पिठाबरोबर तेही खाली उतरतात. खात्री करायची तर गडद रंगाच्या ताटलीत चमचाभर पीठ चमच्याच्या पाठीने गुळगुळीत थापा आणि रात्रभर झाकून ठेवा. सकाळी वरचा थर उकरल्यासारखा दिसला, तर पीठ ‘चालतंय’. बोटांत चोळल्यावर पुदिन्यासारखा वास आला, तर शंकाच नको.

भाकरी-पोळी भाजताना ते मरतात, पण अ‍ॅलर्जी करणारे त्यांचे घटक उष्णतेलाही टिकतात. दमा किंवा धुळीची अ‍ॅलर्जी असणाऱ्याला असं पीठ खाऊन धाप लागू शकते. म्हणून ते पीठ टाकाच. फ्रिजमध्ये ठेवून उपयोग नाही, तिथे त्यांची वाढ फक्त मंदावते.

मुळाशी ओल आहे. धान्यातला ओलावा १३-१४ टक्क्यांच्या वर गेला की त्यांचं फावतं, आणि वीस-पंचवीस अंशांत दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. गिरणीतून आणलेलं गरम पीठ तसंच झाकलं की झाकणाला आतून घाम येतो आणि तो पिठातच ठिबकतो. घोटाळा बहुधा इथेच होतो. पीठ परातीत पसरून पूर्ण निवू द्या, मगच भरा. पावसात दहा-बारा दिवसांपुरतंच दळून आणा. जुन्या पिठावर नवं ओतू नका. डबा कढत पाण्याने धुवा, झाकणाची खाच जुन्या टूथब्रशने घासा (तळ सगळेच घासतात, खाच राहते) आणि खडखडीत वाळवा. बोरिक पावडर पिठात मुळीच नको.

प्रश्न : बियाण्याच्या गव्हालाही धोका आहे का?

उत्तर : आहे, आणि तो वरून दिसत नाही. माइट्स आधी दाण्याचा कोंब खातात. दाणा शाबूत वाटतो, पण उगवत नाही. साठवण्याआधी ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणा. दाताखाली दाणा कट्कन फुटला पाहिजे. पोती भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर ठेवा. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ओलसर ठेवा. ८५ पेक्षा कमी उगवले, तर ते बियाणं पेरू नका; दळायला पाठवण्याआधीही वरची ताटलीची परीक्षा करा.