‘ताशी ३४ नॉट’ की नुसतं ‘३४ नॉट’?

प्रश्न असा आहे: वादळाच्या बातमीत ‘वाऱ्याचा वेग ताशी ३४ नॉट’ असं छापतात, ते बरोबर का? आणि नॉट म्हणजे गाठ, तर तिचा वेगाशी संबंध काय?

‘ताशी’ गाळावं. नॉट म्हणजेच तासाला एक सागरी मैल, १८५२ मीटर. तास त्या शब्दात आलेलाच आहे. भारतीय हवामान विभाग ज्या वेगापासून ‘चक्रीवादळ’ म्हणतो ते ३४ नॉट म्हणजे ताशी सुमारे ६३ किलोमीटर.

गाठ मात्र खरीखुरी, दोरीला मारलेली. वर्तुळाच्या चतकोराएवढी लाकडी फळी घ्यायची, तिच्या गोल कडेला शिसं ठोकायचं म्हणजे ती पाण्यात उभी राहून जागा धरते. ती त्या दोरीला बांधून जहाजाच्या मागून सोडायची. सुरुवातीची काही वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) दोरी बिनगाठीची, कारण जहाजामागच्या खळबळीतून फळी आधी बाहेर पडायला हवी. तिथे चिंधीची खूण असते. चिंधी हातातून गेली की वाळूचं घड्याळ उलटायचं आणि वाळू संपेपर्यंत सुटलेल्या गाठी मोजायच्या. गाठी जितक्या, तितके नॉट.

हे जमतं ते अंतराच्या हिशोबामुळे. जुना ब्रिटिश सागरी मैल ६०८० फुटांचा, घड्याळ २८ सेकंदांचं. म्हणून दोन गाठींत साधारण ४७ फूट ३ इंच. जहाज वेगात असेल तर १४ सेकंदांचं घड्याळ लावून आकडा दुप्पट करत.

चुका इथेच शिरत. दोरी ताणली गेली की गाठी लांब पडतात आणि वेग कमी दिसतो. म्हणून दोरी भिजवून मगच गाठी मारायच्या. दमट हवेत वाळू चिकटून सावकाश गळते आणि वेग जास्त दिसतो. त्याहून मोठी चूक मापातली होती. पूर्वी ३० सेकंदांना ७ वाव, म्हणजे ४२ फूट धरत. रिचर्ड नॉरवुड या इंग्रज गणितज्ञाने लंडन ते यॉर्क अंतर मोजून सागरी मैल ६१२० फुटांचा काढला आणि १६३७ मध्ये तो प्रसिद्ध केला, तेव्हा ४२ फूट फारच कमी ठरले. तरी खलाशी जुनं माप सोडेनात. त्यामागे शहाणपणही होतं: त्या मापाने किनारा आहे त्यापेक्षा जवळ वाटतो, आणि माणूस वेळेआधीच सावध होतो.

जुन्या इंग्रजी दर्यावर्दी लेखनात ‘तासाला इतके नॉट’ सापडतं, कारण तेव्हा नॉट हा शब्द सागरी मैलासाठीही चाले. आज तो अर्थ उरलेला नाही.

त्या फळीचं इंग्रजी नाव ‘लॉग’, म्हणजे ओंडका. तिचे आकडे ज्या वहीत उतरवत ते लॉगबुक, आणि संगणकावरचं ‘लॉग-इन’ त्याच वहीतून आलं.