उपग्रह दळणवळणातील जॅमिंग: सिग्नल्समध्ये नव्याने जाणाऱ्या मुलांसाठी

साताऱ्याहून सिग्नल्समध्ये, म्हणजे लष्कराच्या दळणवळण शाखेत, जाणाऱ्या मुलांना मी आधी एवढेच सांगतो की, जॅमिंग, म्हणजे गोंगाट सोडून संदेश बुडवणे, वरच्या दिशेने (जमिनीवरून उपग्रहाकडे) होते आहे की खालच्या (उपग्रहाकडून जमिनीकडे), हे ओळखायला शिका. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर असल्याने आपला संदेश तिथे अत्यंत क्षीण होऊन पोहोचतो. शत्रूने त्याच वारंवारितेवर मोठ्या डिशमधून गोंगाट वर सोडला, तर उपग्रहावरचा साधा ट्रान्सपाँडर (संदेश घेऊन पुन्हा खाली पाठवणारे यंत्र) तोही इमानेइतबारे वाढवून खाली पाठवतो आणि त्यावरचे सगळेच वापरकर्ते अडचणीत येतात. खालच्या बाजूचे जॅमिंग मात्र परिसरापुरते असते. तिथे टेकडीच्या आडोशाला डिश हलवूनही पुष्कळदा भागते.

फ्रिक्वेन्सी हॉपिंग, म्हणजे वारंवारिता सतत बदलत राहणे, नीट समजून घ्या. १ मेगाहर्ट्‌झचा संदेश १,००० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गुप्त क्रमाने उड्या मारत असेल, तर साऱ्या पट्ट्यावर पसरलेली जॅमरची शक्ती हजारपटीने, म्हणजे ३० डेसिबलने विरळ होते. अमेरिकेच्या एईएचएफ या लष्करी दळणवळण उपग्रहांनी ४४ गिगाहर्ट्‌झचा अपलिंक (वर जाणारा दुवा) घेतला, त्यामागे तिथला रुंद पट्टा हे एक कारण आहे. राजवाड्यावरच्या गर्दीत आपण नको त्या बाजूचा कान झाकतो, तसा नलिंग अँटेना जॅमरच्या दिशेपुरता बहिरा होतो.

संपर्क तुटताच शक्ती वाढवण्याचा मोह टाळा, कारण त्याने ट्रान्सपाँडर संपृक्त होऊन, म्हणजे क्षमतेच्या टोकाला जाऊन, आपल्याच माणसांचे संदेश दबतात. शिवाय आधी स्वतःची केबल तपासा. आम्ही एकदा तासभर शत्रूला दोष देत होतो, आणि पाणी शिरले होते आमच्याच कनेक्टरमध्ये.