खराडीचा फ्लॅट, ४३ हजारांचा ईएमआय आणि २६ हजारांचं भाडं

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. बाकी वाचकांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. ताई चिंचवडला स्वतःच्या घरात राहतात, त्या घराचं लोन गेल्या वर्षी फिटलं. वय ४१, हातात पगार ७८ हजार, मिस्टरांचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे पण तिथलं उत्पन्न कधी चांगलं तर कधी नुसतंच चालू, मुलगा नववीत. दोघांच्या मिळून एफडी ३४ लाखांच्या. आता खराडीत रिसेलचा टू बीएचके ७५ लाखांना मिळतोय, ५० लाख लोन काढायचं, भाडं २६ हजार येईल आणि "उरलेलं टॅक्समध्ये वाचतं" असं ब्रोकरने सांगितलंय, रविवारपर्यंत दोन लाख टोकन द्यायचंय. घ्यावा का?

माझं उत्तर, हा फ्लॅट या लोनवर घेऊ नका. भाड्याने द्यायला घर घेणं चूक आहे असं मी म्हणत नाहीये, पण तुम्ही मांडलेला हिशोब जिथे थांबतो ना, खरा हिशोब तिथून सुरू होतो.

फ्लॅट ७५ लाखांना पडतच नाही मुळात. पुण्यात स्टॅम्प ड्युटी मेट्रो सेस वगैरे धरून ७ टक्के, एकट्या बाईच्या नावावर घेतला तर ६. म्हणजे फक्त तुमच्या नावावर घेतलात तर साडेचार लाख, मिस्टरांचं नाव जोडलंत की सवलत गेली, सव्वापाच लाख. वर रजिस्ट्रेशनचे ३० हजार, ब्रोकरचा एक टक्का धरला तर ७५ हजार, आणि रिसेलचं घर भाडेकरूला दाखवण्यासारखं करायचं म्हणजे रंग, गीझर, पंखे, किचन ट्रॉल्या, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, दोन-अडीच लाख कुठे जातात कळत नाही. ८३-८४ लाख होतात. त्यातले ५० बँकेचे, म्हणजे तुमचे सगळेच्या सगळे ३४ लाख त्यात गेले आणि हातात शून्य. हे वाक्य परत वाचा प्लीज.

आता ईएमआय. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी ५० लाखांचा हप्ता साधारण ४३,४०० बसतो, तुमच्या पगाराच्या अर्ध्याहून जास्त, आणि तो संपेल तेव्हा तुम्ही ६१ च्या असाल. भाडं २६ हजार म्हणताय, ते बारा महिने येत नाही. भाडेकरू सोडून गेला की साफसफाई, रंगाचा हात, नवीन माणूस शोधणं यात महिना सहज जातो, म्हणून मी कायम अकरा महिनेच धरते, म्हणजे २ लाख ८६ हजार. यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिना साडेतीन हजार धरला तर ४२ हजार गेले (खराडीत उन्हाळ्यात टँकर लागतात आणि तो खर्च मेंटेनन्समध्येच येतो, तेव्हा गेल्या दोन वर्षांची मेंटेनन्सची बिलं मागून घ्या), प्रॉपर्टी टॅक्स १८ हजार धरू, ब्रोकर-ऍग्रीमेंट-किरकोळ दुरुस्ती मिळून ३५ हजार. हातात राहिले १ लाख ९१ हजार, आणि ईएमआय जातोय ५ लाख २१ हजार. वर्षाला ३ लाख ३० हजार, महिन्याला साडेसत्तावीस हजार तुम्ही पगारातून घालणार, तेही सगळं सुरळीत चाललं तर. एक बारीक गोष्ट, पुणे महापालिकेत स्वतः राहणाऱ्याला प्रॉपर्टी टॅक्समध्ये ४० टक्के सवलत असते, भाड्याने दिलं की ती नाही. आत्ताच्या मालकाचं बिल बघून हिशोब करत असाल तर तो स्वतः राहतोय का विचारा, नाहीतर पुढच्या वर्षी बिल बघून डोळे पांढरे होतील.

दुसऱ्या बाजूने बघा. ३४ लाख साडेसहा टक्क्यांनी एफडीतच पडून राहिले तरी वर्षाला २ लाख २१ हजार व्याज येतं. ८४ लाखांचं घर सांभाळून तुम्हाला १ लाख ९१ हजार मिळणार. एफडीवर टॅक्स लागेल तो लागेल, पण भाडेकरूचा रात्री साडेदहाला "ताई, गीझर चालू होत नाहीये" असा फोन एफडीला येत नाही.

"किंमत वाढेल की" हे तुमचं पुढचं वाक्य असणार, माहितीये. वाढेलही, खराडीत इऑन आयटी पार्क आहे, नोकऱ्या आहेत, भाडेकरूंची मागणी आहे, मी नाही म्हणत नाही. पण मग हे भाड्याचं उत्पन्न नाही, किमतीवर लावलेला डाव आहे आणि तो खेळायला दर महिन्याला साडेसत्तावीस हजार भरायचेत. विकताना दोन वर्षांनंतर नफ्यावर साडेबारा टक्के टॅक्स आहे, आणि आता घेतलेल्या घराला महागाईचा फायदा धरून टॅक्स कमी करायची जुनी सोय मिळत नाही, हेही त्यात धरा.

टॅक्सबद्दल ब्रोकरने जे सांगितलं त्यावर मला थोडा रागच आला. इन्कम टॅक्सच्या जुन्या पद्धतीत लोनच्या व्याजामुळे होणारा घराचा तोटा वर्षाला दोन लाखांपर्यंत पगारातून वजा व्हायचा, अजूनही होतो, पण फक्त जुन्या पद्धतीत. नवीन पद्धतीत भाड्याच्या रकमेपुरतं व्याज वजा होतं, म्हणजे भाड्यावर टॅक्स लागणार नाही, पण पगाराला त्याचा काही उपयोग नाही. आणि तुमचं वर्षाचं उत्पन्न तुम्ही लिहिलंय साडेअकरा लाख, नवीन पद्धतीत १२ लाखांपर्यंत तुम्हाला टॅक्स शून्यच आहे. शून्यातून काय वाचवणार? एक टक्का स्टॅम्प ड्युटी वाचवायला घर फक्त तुमच्या नावावर घेतलंत आणि पैसे मात्र मिस्टरांच्या एफडीतले वापरलेत तर तेवढ्या हिश्श्याचं भाडं त्यांच्या उत्पन्नात धरलं जाऊ शकतं, आणि ते लोनमध्ये नुसते को-बॉरोअर (सहकर्जदार) असतील, मालक नसतील, तर व्याजाची वजावट त्यांना मिळत नाही. सीएला हे आधी विचारा, इंडेक्स टू (खरेदीची नोंद झाल्याचा कागद) हातात पडल्यावर नको. घर ५० लाखांच्या वर आहे म्हणजे विकणाऱ्याला पैसे देताना एक टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायची जबाबदारी तुमची, म्हणजे ७५ हजार. पॅनवरच होतं ते, टॅन (टीडीएस कापणाऱ्याचा वेगळा नंबर) लागत नाही. पण विकणारा परदेशात राहणारा असेल तर नियम वेगळे आणि कापायची रक्कम बरीच मोठी, तेव्हा हा प्रश्न टोकनच्या आधी.

मग काय करायचं? भाड्याचं घर हवंच असेल तर लहान घ्या. चंदननगर-वडगाव शेरीच्या बाजूला जुन्या पण ओसी (पालिकेचा राहायला परवानगीचा दाखला) असलेल्या, कन्व्हेयन्स झालेल्या (म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालेल्या) सोसायटीत ४५ लाखांच्या आसपास वन बीएचके मिळाला तर सगळं धरून ५० लाख होतील, त्यात २६ तुमचे, २४ लोन. ईएमआय साधारण २०,८००. भाडं १६ हजार धरलं तर खर्च जाऊन महिन्याला दहा-अकरा हजार घालावे लागतील, ते तुमच्या पगाराला झेपतं, आणि आठ लाख एफडीत राहतात. हे आठ लाख मी हात लावू देणार नाही. मुलगा नववीत आहे, तीन-चार वर्षांत इंजिनिअरिंग म्हणा नाहीतर आणखी काही, फी उभी राहणार आहे. दुकानाचा एखादा मंदीचा सीझन आणि रिकामा फ्लॅट एकाच वेळी आले तर सहा महिने दोन्ही घरं चालवता आली पाहिजेत. मोठ्या फ्लॅटवर तुम्ही दोन महिनेसुद्धा काढू शकणार नाही, कारण एफडीच उरलेली नसेल. बांधकाम चालू असलेल्या प्रोजेक्टमध्ये जाऊ नका, ४५ लाखांवरच्या घराला पाच टक्के जीएसटी, पझेशन कधी ते बिल्डर जाणे, आणि तोपर्यंत भाडं नाही पण व्याज चालू.

घरमालक म्हणून दोन-तीन गोष्टी आत्ताच सांगते कारण ब्रोकर तुम्हाला "नोटरी करून टाकू, अकरा महिन्यांचं आहे, रजिस्टर कशाला" असं नक्की सांगणार. अकरा महिन्यांची ही पळवाट महाराष्ट्रात चालत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे, ऍग्रीमेंट लेखी आणि रजिस्टर्डच लागतं, जबाबदारी घरमालकाची, नाही केलं तर पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दंडाचं सोडा, त्याहून वाईट म्हणजे वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, तुम्ही उलटं सिद्ध करेपर्यंत. खर्च म्हणाल तर २६ हजारांच्या अकरा महिन्यांच्या करारावर स्टॅम्प ड्युटी हजाराच्याही आत येते, शहरात रजिस्ट्रेशन फी हजार. एजंट लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, आधार, दोन साक्षीदार, चहा होईपर्यंत काम होतं. लिव्ह अँड लायसन्सच (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी) लिहा, मुदत संपून माणूस हलला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तोपर्यंत दुप्पट भाडं मागता येतं, साध्या दिवाणी दाव्यापेक्षा हा रस्ता खूप बरा. पोलिसांना ऑनलाइन माहिती द्या, ती कॉपी सोसायटीलाही लागते.

सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नाही म्हणून जादा आकार) लावेल, तो सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपर्यंतच लावता येतो, प्रॉपर्टी टॅक्स त्यात धरायचा नाही, २००१ पासूनचा शासनाचा आदेश आहे. जास्त मागितला तर भांडू नका, आदेशाची कॉपी सेक्रेटरींना व्हॉट्सऍप करा.

बॅचलर की फॅमिली, हा प्रश्न तुम्ही विचारलाय. मला विचाराल तर नोकरी करणाऱ्या दोन मुली किंवा मुलं फॅमिलीपेक्षा काही वाईट नसतात, पण ऍग्रीमेंटमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव हवं, नाहीतर दोनाचे पाच होतात आणि कोण कुठला तुम्हाला ठाऊक नसतं. चावी देताना घराचा व्हिडिओ काढा, भिंती, नळ, कमोड, ट्रॉल्या उघडून, विजेच्या मीटरचं रीडिंग दिसेल असा, आणि तो त्याच मिनिटाला भाडेकरूला पाठवा. डिपॉझिट परत करतानाची निम्मी भांडणं इथेच मिटतात.

घर बघायला जाल तेव्हा खालच्या मजल्यावरच्या माणसाची बेल वाजवा. त्याच्या बाथरूमचं छत बघू द्या म्हणा. पिवळे डाग किंवा सुटलेलं प्लास्टर दिसलं तर ते लीकेज तुमच्या नावावर येणार, टाइल्स फोडून वॉटरप्रूफिंग करायला चाळीस-पन्नास हजार आणि तेवढे दिवस भाडेकरू कुठे राहणार हा वेगळा प्रश्न.

लोन घेतलंतच तर तेवढ्या रकमेचा साधा टर्म इन्शुरन्स वेगळा घ्या, बँक लोनला चिकटवून जो एकरकमी हप्त्याचा देते त्याचे दर आधी ताडून बघा. आणि रविवारच्या टोकनचं म्हणाल तर देऊ नका. ब्रोकर म्हणेल दुसरी पार्टी तयार आहे. असू दे तयार. तुम्ही ओसीची कॉपी, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं नो ड्यूज (काही बाकी नसल्याचं पत्र) आणि विकणाऱ्याच्या आधीच्या लोनचं बँकेचं पत्र मागा, वन बीएचके असला तरी हेच मागा, आणि कागद आले की मला पाठवा, मग टोकनचा आकडा ठरवू.